डिले पेडलचे तीन नॉब: कधी, किती वेळा आणि केवढ्याने

गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा असो, महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन असो की लग्नाच्या आदल्या रात्रीचा गाण्यांचा कार्यक्रम, कोल्हापुरातल्या तरुण गिटारवादकाच्या पायाशी हल्ली गिटारचा आवाज बदलणारे एखादे पेडल किंवा प्रोसेसर असतोच, आणि त्यातला सर्वांत हौसेने वापरला जाणारा इफेक्ट म्हणजे डिले, ज्याला अनेक जण नुसते ‘इको’ म्हणतात. त्याबद्दलची तक्रारही ठरलेली आहे. घरी वाजवताना आवाज भरदार वाटतो, मंचावर मात्र तोच आवाज गढूळ होतो, ढोलकीशी किंवा ड्रमशी त्याचे जुळत नाही, आणि थोड्या वेळाने साउंडवाला गिटारचा आवाजच कमी करून टाकतो. यात दोष बहुतेक वेळा पेडलचा नसतो आणि बोटांचाही नसतो. पेडलवरचा प्रत्येक नॉब नेमके काय करतो आणि एक फिरवला की दुसऱ्याचे काम कसे बदलते, हे कोणी नीट सांगितलेले नसते. डब्यातल्या माहितीपत्रकात नॉबांची नावे असतात, कारणे नसतात. माझे म्हणणे असे की डिलेचा विचार आवाज ‘मोठा’ करण्याच्या अंगाने न करता लयीच्या अंगाने केला, तर हे नॉब दोन दिवसांत हाताखाली येतात.

पेडलच्या आत काय घडते

गिटारची केबल बहुतेक पेडलांच्या उजव्या बाजूला लागते आणि डाव्या बाजूने आवाज बाहेर पडतो. आत शिरल्यावर त्या संकेताला दोन वाटा फुटतात. पहिल्या वाटेने तो कुठेही न थांबता बाहेर जातो. याला आपण मूळ आवाज म्हणू. दुसऱ्या वाटेवर त्याची नक्कल साठवली जाते आणि ठरलेल्या वेळाने सोडली जाते. याला आपण पडसाद म्हणू. बाहेर पडणाऱ्या पडसादाचा काही भाग पुन्हा त्याच साठवणीत पाठवला जातो, त्यातून दुसरा पडसाद निघतो, दुसऱ्यातून तिसरा, आणि प्रत्येक वेळी तो थोडा क्षीण होत जातो. डिलेचे सगळे यंत्र एवढेच आहे.

विजापूरच्या गोल घुमटाच्या सज्जात उभे राहून ज्याने एकदा तरी टाळी वाजवली आहे, त्याने हे तिन्ही भाग प्रत्यक्ष ऐकलेले आहेत. टाळी आणि तिचा पहिला पडसाद यांच्यामध्ये किती वेळ जातो हे घुमटाच्या रुंदीवर ठरते, पडसाद किती वेळा परत येतात हे भिंतींच्या कठीण आणि गुळगुळीत पृष्ठभागावर ठरते, आणि टाळीच्या मानाने पडसाद केवढ्याने ऐकू येतो हे आपण नेमके कुठे उभे आहोत यावर ठरते. घुमटात यातल्या पहिल्या दोन गोष्टी बांधणाऱ्यांनी कायमच्या ठरवून टाकल्या आहेत, तर पेडलमध्ये तिन्ही गोष्टी तीन नॉबांवर आणून ठेवल्या आहेत.

कंपन्या या नॉबांना वेगवेगळी नावे देतात, म्हणून ओळख पटवून घ्यावी. पडसाद कधी येणार हे ठरवणाऱ्या नॉबवर टाइम, डी.टाइम किंवा नुसते डिले असे लिहिलेले असते. किती वेळा येणार हे ठरवणाऱ्यावर फीडबॅक, रिपीट किंवा रीजन असे असते. केवढ्याने येणार हे ठरवणाऱ्यावर मिक्स, ब्लेंड, लेव्हल किंवा ई.लेव्हल असे असते. यापुढे मी त्यांना टाइम, फीडबॅक आणि मिक्स म्हणेन.

टाइम: सगळ्यात आधी लावायचा आणि सगळ्यात जास्त विचार मागणारा नॉब

टाइम मिलिसेकंदांत मोजला जातो. १,००० मिलिसेकंद म्हणजे एक सेकंद. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण शिकलो की मूळ ध्वनी आणि प्रतिध्वनी यांत ०.१ सेकंदाचे, म्हणजे १०० मिलिसेकंदांचे अंतर असेल तरच ते वेगळे ऐकू येतात. गिटारच्या पिकसारख्या टोकदार आवाजाच्या बाबतीत कानाला त्याहून कमी अंतरही कळते, पण साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत आलेली नक्कल कान वेगळी धरत नाही आणि मूळ आवाजातच मिसळून टाकतो. कानाच्या या स्वभावाचा पद्धतशीर अभ्यास हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ च्या आपल्या प्रबंधात केला होता. त्यामुळे टाइमचा नॉब अगदी डावीकडे असताना पडसाद ऐकूच येत नाही. दोन गिटार एकत्र वाजत असल्यासारखा आवाज थोडा जाड होतो, एवढेच.

८० ते १५० मिलिसेकंदांच्या पट्ट्यात एक तोकडा, चटकदार पडसाद मिळतो, ज्याला गिटारवादक स्लॅपबॅक म्हणतात. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात सॅम फिलिप्स यांच्या सन स्टुडिओत १९५० च्या दशकात झालेल्या ध्वनिमुद्रणांनी हा आवाज जगभर पोचवला, आणि त्यासाठी त्यांनी टेपची दोन यंत्रे एकमेकांना जोडली होती. या पट्ट्यात फीडबॅक जवळजवळ शून्यावर ठेवावा आणि एकच पडसाद येऊ द्यावा.

त्यापुढे, साधारण २५० मिलिसेकंदांपासून, पडसाद स्वतंत्र स्वर म्हणून ऐकू येऊ लागतो, आणि इथे लयीचा प्रश्न सुरू होतो. पडसाद आता ठेक्याच्या कुठल्या तरी बिंदूवर पडणारच आहे. तो योग्य बिंदूवर पडला तर साथ करतो, आणि चुकीच्या बिंदूवर पडला तर बेताल साथीदारासारखा त्रास देतो. ‘गिटार ठेक्याशी भांडते’ ही जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ बहुधा याच नॉबमध्ये असते.

हिशेब सोपा आहे. गाण्याबरोबर पायाने मात्रा धरावी, घड्याळ लावून १५ सेकंदांत पडलेल्या मात्रा मोजाव्यात आणि चारने गुणाव्यात. १५ सेकंदांत २५ मात्रा पडल्या तर गाण्याची गती मिनिटाला १०० मात्रा आहे. आता ६०,००० ला १०० ने भागले की ६०० येतात, म्हणजे एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची आहे. मिनिटाला १२० मात्रांचे गाणे असेल तर मात्रा ५०० मिलिसेकंदांची, ८० मात्रांचे असेल तर ७५० मिलिसेकंदांची. गती वाढली की मात्रेचा काळ कमी होतो, इतके ध्यानात ठेवले तरी नॉब कोणत्या दिशेला फिरवायचा हे चुकत नाही.

पाव, अर्धी आणि पाऊण मात्रा

पडसाद पूर्ण मात्रेवरच पडायला हवा असे नाही. १०० च्या गतीत टाइम ६०० ठेवला तर पडसाद पुढच्या मात्रेवर पडतो आणि संथ गाण्यात तो ऐसपैस वाटतो. ३०० ठेवला तर तो दोन मात्रांच्या बरोबर मध्ये पडतो. मात्रेचे तीन भाग करणारे, दादऱ्याच्या अंगाचे गाणे असेल, तर ६०० चा तिसरा हिस्सा म्हणजे २००, किंवा दोन हिस्से म्हणजे ४००, चांगले बसतात.

सर्वांत गमतीची आणि सर्वांत उपयोगाची मात्र पाऊण मात्रा आहे. १०० च्या गतीत ती ४५० मिलिसेकंदांची होते आणि १२० च्या गतीत ३७५ ची. समजा, तुम्ही अर्ध्या मात्रेच्या अंतराने सारखे स्वर छेडत आहात, म्हणजे एका मात्रेत दोन. प्रत्येक स्वराचा पडसाद पाऊण मात्रेनंतर येतो, त्यामुळे तो तुमच्या पुढच्या दोन स्वरांच्या मधल्या रिकाम्या पाव मात्रेवर जाऊन बसतो. हात एका मात्रेत दोनच स्वर वाजवत असतात आणि ऐकणाऱ्याला चार स्वरांचा अखंड प्रवाह ऐकू येतो. आयर्लंडच्या यू टू या बँडचा गिटारवादक द एज याने या एका युक्तीवर आपली वाजवण्याची शैली उभी केली, आणि आज चर्चमधल्या गायनापासून हिंदी चित्रपटगीतांपर्यंत सर्वत्र ती ऐकू येते. अनेक पेडलांवर पाऊण मात्रेसाठी टिंबाच्या स्वरचिन्हाचे वेगळे स्थान असते. तिथे पाश्चात्त्य स्वरलेखनातली अर्ध्या मात्रेची खूण आणि तिच्यापुढे एक टिंब काढलेले असते.

युक्ती चालण्यासाठी दोन अटी आहेत. हात घड्याळासारखा स्थिर हवा, कारण हात जरा जरी पुढेमागे झाला तरी दोन प्रवाहांची वीण उसवते आणि चूक दुप्पट ऐकू येते. शिवाय या प्रकारात पडसाद मूळ स्वराच्या जवळपास बरोबरीने ऐकू यायला हवा, म्हणजे मिक्स एरवीपेक्षा बराच वर न्यावा लागतो. टाइम पाऊण मात्रेवर ठेवून मिक्स खाली ठेवणाऱ्यांना ही वीण कधीच ऐकू येत नाही.

आकडे दाखवणारा पडदा पेडलवर नसेल तर कानाने लावण्याची रीत अशी. मोबाईलवरचे मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या गतीने ठोके देणारे अॅप, गाण्याच्या गतीवर सुरू करावे, फीडबॅक इतका खाली न्यावा की एकच पडसाद उरेल, मिक्स मध्यावर ठेवावा, डाव्या हाताने तारा दाबून त्यांचा आवाज मारावा आणि पिकने दर चौथ्या ठोक्याला फक्त ‘टक’ असा आघात करावा. मग टाइम हळूहळू फिरवत पडसादाचा ‘टक’ मेट्रोनोमच्या पुढच्या ठोक्यात पूर्ण विरघळेपर्यंत न्यावा. टॅप टेंपोचा खटका असेल तर काम आणखी सोपे होते: पायाने तीन-चार वेळा मात्रा दिली की पेडल त्या ठोक्यांमधले अंतर मोजून टाइम स्वतःच ठरवते आणि पाव, अर्धी की पाऊण हे वेगळ्या नॉबवर निवडता येते. टॅप मात्रेवरच द्यावा. पाऊण मात्रा पायाने मोजण्याच्या भानगडीत पडू नये.

फीडबॅक: थोडा फिरवला तरी पुष्कळ बदलणारा नॉब

मंचावर ‘फीडबॅक मारतोय’ असे म्हटले जाते तेव्हा माइकची शिट्टी अभिप्रेत असते. डिलेवरचा फीडबॅक वेगळा आहे, पण तत्त्व तेच आहे: बाहेर पडलेला आवाज पुन्हा आत जाणे.

फीडबॅक ५० टक्के असेल तर प्रत्येक पडसाद आधीच्याच्या निम्मा होतो. निम्म्याचे निम्मे करत गेले की दहाव्या पडसादाला तो हजाराव्या भागाच्या आसपास पोचतो, म्हणजे व्यवहारात संपतो. हाच फीडबॅक ३० टक्के केला तर सहाव्या पडसादाच्या सुमारास शेवट होतो, आणि ७० टक्के केला तर एकोणीस-वीस पडसाद चालतात. म्हणजे नॉबच्या पहिल्या अर्ध्या फेरीत फारसे काही घडल्यासारखे वाटत नाही आणि शेवटच्या पाव फेरीत शेपूट एकदम लांबते. १०० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर पडसाद क्षीण होण्याऐवजी वाढत जातात आणि पेडल स्वतःच गर्जू लागते. काही वादक मुद्दाम हा परिणाम वापरतात, पण मंचावर तो नकळत घडला तर स्पीकरवर ताण येतो आणि ऐकणाऱ्यांच्या कानांना इजा होऊ शकते. अशा वेळी फीडबॅक आधी खाली आणावा. बरीच जण घाईत टाइम फिरवतात आणि गोंधळ वाढवून घेतात.

टाइम आणि फीडबॅक यांचा परस्परसंबंध इथे दिसतो. दहा पडसाद २०० मिलिसेकंदांच्या अंतराने आले तर दोन सेकंदांत संपतात, ६०० च्या अंतराने आले तर सहा सेकंद रेंगाळतात. तेवढ्या वेळात गाण्यातला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गट, दोनदा बदललेला असतो आणि जुन्या कॉर्डचे स्वर नव्या कॉर्डवर पडत राहतात. आवाज गढूळ होण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. म्हणून टाइम वाढवला की फीडबॅक कमी करावा.

मिक्स: सर्वांत शेवटी लावायचा नॉब

मिक्सच्या बाबतीत आधी आपल्या पेडलची जात ओळखावी लागते. काही पेडलांवर हा नॉब मूळ आवाजाला हात न लावता फक्त पडसादाची पातळी वाढवतो. बॉस कंपनीच्या डीडी-३ या जुन्या आणि प्रसिद्ध पेडलवरचा ई.लेव्हल असा आहे. इतर काहींवर पडसाद वाढवताना मूळ आवाज कमी होत जातो, मध्यावर दोन्ही समान असतात आणि अगदी उजवीकडे फक्त पडसाद उरतो. दुसऱ्या जातीच्या पेडलवर नॉब मध्याच्या पुढे नेला की वाजवताना आपला आघात उशिरा येतो आहे असे वाटू लागते आणि हात बिथरतो.

बहुतेक गाण्यांना हा नॉब घड्याळाचा काटा दहावर असतो तिथपर्यंतच पुरतो. कसोटी अशी की संपूर्ण बँड वाजत असताना पडसाद वेगळे मोजता येऊ नयेत, पण पेडल बंद केले तर काहीतरी गेल्याचे जाणवावे. स्लॅपबॅक आणि वर सांगितलेली पाऊण मात्रेची वीण हे दोन अपवाद सोडले, तर पडसाद सहज मोजता येत असतील तेव्हा मिक्स जास्त झालेला आहे असे खुशाल समजावे.

उरलेले नॉब, आणि अॅनालॉग-डिजिटलचा वाद

पूर्वी पडसाद टेपवर साठवला जाई. रोलँड कंपनीच्या १९७४ च्या आरई-२०१ स्पेस इको या यंत्रात टेपचे एक बंद वेटोळे फिरत राही, एक हेड त्यावर आवाज मुद्रित करी आणि पुढे बसवलेली हेडे तो आवाज वाचत. अंतर जितके जास्त तितका पडसाद उशिरा. मोटार पूर्ण एकसारखी फिरत नसल्यामुळे पडसादाचा स्वर किंचित हेलकावे खाई. आजच्या पेडलवरचे मॉड, रेट आणि डेप्थ हे नॉब त्याच हेलकाव्याची नक्कल करतात: रेट म्हणजे हेलकाव्याची गती, डेप्थ म्हणजे त्याची खोली. सुरुवातीला दोन्ही शून्यावर ठेवावेत.

१९६९ मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीअर या संशोधकांनी एक वेगळी युक्ती काढली. विद्युतसंकेताचे छोटे छोटे भार एका धारित्रातून पुढच्या धारित्रात ढकलत न्यायचे, म्हणजे तो शेवटी पोचेपर्यंत वेळ जातो. एमएन३००५ या गाजलेल्या चिपमध्ये असे ४,०९६ टप्पे आहेत. यालाच अॅनालॉग डिले म्हणतात. जास्त वेळ हवा असेल तर ढकलण्याची गती कमी करावी लागते, गती कमी झाली की आवाजातले बारीक, तीक्ष्ण अंश टिकत नाहीत, आणि म्हणून टाइम वाढवला की पडसाद मंद आणि गडद होत जातो. स्वर वाजत असताना टाइमचा नॉब फिरवला तर पडसादाचा स्वरच वरखाली घसरतो, त्याचेही कारण तेच: आत शिरताना एक गती होती आणि बाहेर पडताना दुसरी झाली.

डिजिटल डिले आवाजाचे आकड्यांत रूपांतर करून तो स्मृतीत ठेवतो, त्यामुळे पडसाद मूळ आवाजाइतकाच स्वच्छ राहतो आणि वेळही लांबवता येतो. बॉसच्या १९८३ च्या डीडी-२ ने पायाखालच्या छोट्या डबीत ८०० मिलिसेकंदांचा डिजिटल डिले आणला, तेव्हा ती मोठीच गोष्ट होती. यातला कोणता चांगला, असा वाद घालण्यापेक्षा कामाकडे पाहावे. पाऊण मात्रेची वीण हवी असेल तर स्वच्छ पडसाद हवा, म्हणून डिजिटल. एकट्या गिटारच्या संथ सुरावटीमागे भरणा हवा असेल तर गडद पडसाद बरा, कारण तो मूळ स्वराच्या वाटेत येत नाही. पेडलवर टोन किंवा फिल्टरचा नॉब असेल तर डिजिटल पेडलचा पडसादही हवा तसा गडद करता येतो.

‘रिव्हर्ब असताना डिले कशाला?’

हा प्रश्न रास्त आहे. रिव्हर्बमध्ये असंख्य पडसाद इतक्या दाटीने येतात की त्यांतला एकही वेगळा ऐकू येत नाही; खोलीचा भास तेवढा होतो. डिलेचे पडसाद मोजता येतात, म्हणून त्यांना मात्रेत बसवता येते. दोन्ही हवे असतील तर पेडलांच्या साखळीत आधी डिले आणि मग रिव्हर्ब ठेवावा.

आवाज मुद्दाम फाटका करणारे डिस्टॉर्शन पेडल वापरत असाल तर ते डिलेच्या आधी असावे. डिस्टॉर्शन लहान आणि मोठ्या आवाजांतला फरक कमी करते, त्यामुळे ते डिलेनंतर लावले तर क्षीण होत जाणारे पडसाद पुन्हा जवळजवळ एकाच पातळीवर येतात आणि नव्या स्वरांत मिसळून त्यांचा लगदा होतो. अँपमधलेच डिस्टॉर्शन वापरणाऱ्यांनी डिले अँपच्या मागच्या इफेक्ट लूपमध्ये, म्हणजे अँपच्या डिस्टॉर्शननंतर पेडल जोडण्यासाठी दिलेल्या जागी, जोडावा.

‘घरी नीट लावले होते, मंचावर का बिघडले?’

घरातल्या खोलीत गादी, पडदे, कपडे असतात. ते आवाज शोषून घेतात, खोली कोरडी वाटते आणि हात आपोआप मिक्सकडे जातो. फरशी आणि पत्र्याच्या छताच्या मंगल कार्यालयात खोलीचा स्वतःचा घुमारा आधीच भरपूर असतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मंचापासून ३४ मीटरवर कठीण भिंत असेल तर आवाज तिच्यावर आपटून साधारण २०० मिलिसेकंदांनी परत येतो. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनासारख्या बंदिस्त सभागृहात एक हिशेब लागतो, गांधी मैदानासारख्या उघड्या जागी दुसरा, आणि दोन्ही बाजूंना इमारती असलेल्या अरुंद पेठेत घातलेल्या मांडवात तिसरा. तुमच्या पेडलच्या पडसादांत हे जागेचे पडसाद मिसळतात, आणि त्यांचे टाइम तुमच्या हाती नसते.

म्हणून साउंड चेकच्या वेळी आधी डिले बंद ठेवून दोन-चार आघात करावेत आणि जागा स्वतः किती बोलते ते ऐकावे. जागा बोलकी असेल तर प्रथम फीडबॅक कमी करावा, मग मिक्स. टाइमला हात लावू नये. तो गाण्याचा आहे, जागेचा नाही. याच वेळी साउंडवाल्याला विनंती करून मिक्सरवर गिटारच्या चॅनेलला इको लागलेला नाही याची खात्री करून घ्यावी, कारण गायकांसाठी लावलेला इको पुष्कळदा सगळ्याच चॅनेलांना दिलेला असतो. दोन डिले वेगवेगळ्या टाइमने चालू असतील तर पेडलचे कुठलेही सेटिंग उपयोगी पडत नाही. उलट, ड्रम आणि ढोल जोरात वाजू लागले की हलके पडसाद त्यांच्याखाली झाकले जातात, तेव्हा मिक्स थोडा वर न्यावा लागतो. हा निर्णय एकट्याने वाजवून घेता येत नाही, सगळा बँड वाजत असतानाच घ्यावा लागतो.

‘आपल्या संगीताला हे मानवते का?’

गायन समाज देवल क्लबसारखी संस्था ज्या गावात १८८३ पासून आहे, आणि ज्या गावाच्या शेजारी मिरजेला सतारी आणि तानपुरे घडतात, तिथे हा आक्षेप येणारच, आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. पाश्चात्त्य वळणाच्या गाण्यात एका कॉर्डमधले स्वर एकमेकांवर पडले तरी ते जुळतात. रागात स्वर एकामागून एक येतात आणि त्यांचे एकमेकांवर पडणे नेहमी खपत नाही. भैरवात कोमल रिषभावरून षड्जावर आलात, आणि षड्जावर स्थिरावताना मागून कोमल रिषभाचा पडसाद आला, तर तो षड्जाला खुपतो. मींडेचा पडसाद तर स्वतःच मींड असतो, त्यामुळे एक सुरावट घसरत असताना दुसरी तिच्या मागून घसरत येते आणि दोघींचेही टोक हरवते.

तरीही यावर मार्ग आहे. फीडबॅक एका पडसादावर आणावा, टोन गडद करावा, मिक्स अगदी खाली ठेवावा आणि टाइम ६०० च्या पुढे नेऊन स्वरवाक्यांमध्ये थांबायला जागा ठेवावी, म्हणजे पडसाद त्या विश्रांतीत येतो. भावगीताच्या किंवा अभंगाच्या आधी वाजवायच्या छोट्या सुरावटीला हे सेटिंग शोभते. द्रुत ताना आणि गमकांना मात्र डिले लावू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

‘महागडे पेडल घेतल्याशिवाय हे जमेल का?’

जमेल. अनेक स्वस्त पेडलांत तैवानच्या प्रिन्स्टन टेक्नॉलॉजी कंपनीची पीटी२३९९ ही चिप असते. तिच्याकडून सुमारे ३४० मिलिसेकंदांपर्यंत चांगला आवाज मिळतो आणि त्यापुढे ताणली की खरखर वाढते, म्हणून अशा पेडलवर स्लॅपबॅक आणि अर्ध्या मात्रेचे डिले उत्तम होतात, संथ गाण्यातली पूर्ण मात्रा होत नाही. मल्टी-इफेक्ट प्रोसेसर असेल तर हेच तीन नॉब त्याच्या पडद्यावर मिलिसेकंदांत किंवा स्वरचिन्हांत दिसतात आणि प्रत्येक गाण्यासाठी वेगळा पॅच, म्हणजे सेटिंगांचा संच, साठवता येतो. तयार पॅच मात्र तसेच वापरू नयेत. दुकानात एकट्या गिटारवर छाप पडावी अशा बेताने त्यांतला मिक्स आणि फीडबॅक वर ठेवलेला असतो. पॅच बदलताना आधीचे पडसाद तुटू नयेत यासाठी काही यंत्रांत ट्रेल्स नावाची सोय असते, ती चालू ठेवावी.

अॅडॉप्टर घेताना व्होल्टेज आणि ध्रुव दोन्ही तपासावेत. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट डीसी लागतो आणि पिनच्या मध्यभागी ऋण टोक असते. चुकीच्या अॅडॉप्टरने पेडल कायमचे जाऊ शकते.

‘ठेका वाढत जातो तेव्हा काय करायचे?’

कोल्हापुरात हा प्रश्न खराखुरा आहे, कारण हलगी किंवा ढोलकी रंगात आली की लय चढत जाते आणि ती चढावी अशीच सगळ्यांची इच्छा असते. गाणे १०० वर सुरू झाले आणि ११० वर पोचले, तर पाऊण मात्रा ४५० वरून ४०९ मिलिसेकंदांवर आलेली असते. पेडल मात्र ४५० वरच असते. पहिला पडसाद ४१ मिलिसेकंद उशिरा पडतो, दुसरा ८२ आणि तिसरा १२३, म्हणजे फीडबॅक जितका जास्त तितका लयीचा बिघाड मोठा. टॅपचा खटका असेल तर प्रत्येक कडव्याच्या सुरुवातीला, समेपासून चार ठोके देऊन टाइम नव्याने बांधून घ्यावा. खटका नसेल तर अशा गाण्यापुरता डिले १०० ते १२० मिलिसेकंदांच्या स्लॅपबॅकवर आणावा आणि फीडबॅक शून्य करावा. इतका तोकडा पडसाद मूळ आघाताला चिकटूनच ऐकू येतो, त्यामुळे लय कितीही चढली तरी तो तिच्या आड येत नाही.